शीतळस्वामींचं गार पाणी

किटलीतून वाफा निघत होत्या आणि भाड्याचं ते सभागृह श्वास रोखून बसलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत एक मधुमेही, पुढ्यात घमेलं आणि घमेल्यात चिघळलेला पाय. शीतळस्वामी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वाफाळतं पाणी त्या पायांवर ओतत होते.

“काय वाटतंय, बाळा?”

“गार! अगदी गार!”

“पाण्यातला विस्तव मी पिऊन टाकला! आता साखरही पिणार, जखमही पिणार! डॉक्टर कापतात, मी फक्त ओततो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी डोळे पुसले. स्वामींनीही पुसले, त्यांना ते बरं जमायचं.

दारात अण्णांची सून उभी होती. ती डॉक्टर. मधुमेहींच्या पायांच्या जखमा कशा भराव्यात, यावरच तिचं संशोधन चाललेलं. सकाळी घरच्या कचऱ्याच्या डब्यात तिला सासऱ्यांच्या पायाचं प्लास्टर सापडलं होतं, पत्र्याच्या कात्रीनं कापलेलं. अंगठ्याखालच्या जखमेवर भार पडू नये म्हणून ते तिनंच घातलं होतं. जखम भरत आली होती. निवृत्त बसचालक अण्णांना मात्र घरात बसवेना; प्लास्टर कापून ते थेट इथे आले होते.

आत शिरताना तिनं एक गोष्ट पाहिली. दाराशी स्वामींचा चेला प्रत्येकाला डोळे मिटायला लावत होता आणि झाडूच्या काडीनं तळवा टोचत होता. “आई गं!” म्हणणाऱ्याला तो गोड हसून परत पाठवी, “तुमची वेळ अजून आली नाही.” ज्याला काहीच कळत नव्हतं, त्याला खुर्ची. हीच तपासणी ती दवाखान्यात नायलॉनच्या दोऱ्यानं करायची. साखरेनं कुणाच्या पायाच्या नसा मेल्यात, ते ओळखायला.

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. पू, सडलेली कातडी, घाण वास, यांची तिला कधी किळस आली नव्हती. आज आली ती त्या गुळगुळीत चेहऱ्याची.

अण्णा तिसऱ्या खुर्चीत होते, पाय घमेल्यात बुडवून, चेहऱ्यावर समाधान.

“अण्णा, पाय बाहेर काढा. आधी काढा.”

“सूनबाई, इथे तमाशा नको. बघ ना, वाफ निघतेय आणि मला गार लागतंय! तुझ्या प्लास्टरनं कधी असं झालं?”

“अश्रद्ध माणसाच्या सावलीनं पाणी तापतं, ताई,” स्वामी म्हणाले. “बाहेर थांबा.”

“थांबते. फक्त तुम्ही एकदा यात हात घाला.”

स्वामींनी हात शालीत घेतले. “शक्ती माझी नाही, मी ती यांना दिलीय.”

“मग यांच्याच अंगात असेल. अण्णा, तुम्ही घाला हात. पाय याच पाण्यात होता ना?”

“त्यात काय!” म्हणत अण्णांनी भरवशानं हात बुडवला आणि असे किंचाळले की शेजारचं घमेलं कलंडलं.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. सुनेनं त्यांचा पाय उचलला. पाऊल लालबुंद झालं होतं, घोट्याशी फोड येत होता. अण्णा एकदा हाताकडे बघत, एकदा पायाकडे.

“पाणी गार नव्हतं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “तुमचे पाय बधिर आहेत. साखरेनं नसा मारल्या, म्हणून खडा टोचला कळत नाही, चटका बसला कळत नाही. तुमचा आजार हाच यांचा चमत्कार! काढा पाय, नळाखाली धरा!”

घमेली उलटली, नळाशी झुंबड उडाली. स्वामी मागच्या दारानं सटकले, किटली तिथेच टाकून. एक बाई तरीही म्हणत राहिली, “तुमचीच श्रद्धा कमी पडली.” सुनेला तिला हलवून सोडावंसं वाटलं. तिनं त्या बाईच्या नवऱ्याचा पाय आधी धुतला.

अण्णांचं पाऊल वाचलं. अंगठा गेला. तो जाणार हे सांगताना सून रडली, अण्णा नाही.

हल्ली तिच्या दवाखान्याच्या बाकावर प्लास्टर घातलेला एक म्हातारा बसलेला असतो. नवा रोगी कुठल्या महाराजाचं नाव काढायला लागला की तो त्याला जवळ बसवून घेतो.

“हे बघा,” अण्णा म्हणतात, “माझ्या पायानं मला फसवलं, तर महाराज कोण लागून गेला! कुणी काहीही गार म्हणू दे, आधी हात घालून बघायचं. आणि जो स्वतः हात घालत नाही, त्याच्यापुढे पाय करायचा नाही.”