वाटीभर तेल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. दोन सायलेन्सर, निळी टाकी, आणि टाकीच्या डाव्या अंगाला झोजिला घाटात पडलेला एक पोचा. तो पोचा काढून द्यायला कितीतरी मेकॅनिक तयार होते, पण माझ्या मालकांनी कुणाला हात लावू दिला नाही.

माझा जन्म १९७८ सालचा, म्हैसूरच्या कारखान्यातला. त्या काळी दुकानात गेलं आणि गाडी घेऊन आलं, असं होत नसे. हैदराबादच्या काचीगुड्यात राहणाऱ्या शशिकांतरावांनी माझ्यासाठी नंबर लावून सात महिने वाट पाहिली. ते पाटबंधारे खात्यात होते. डांबरी रस्ता जिथे संपे, तिथून त्यांचं काम सुरू होई. आदिलाबादचं जंगल, श्रीशैलमचा घाट, सगळं आम्ही दोघांनी तुडवलं. १९८३ साली तर ते शोभाबाईंना मागे बसवून थेट लेहला निघाले. "माणसं बायकोला काशीला नेतात, हे बर्फात नेतायत," असं शेजारी म्हणाले. झोजिलाच्या विरळ हवेत मला धाप लागली. तेव्हा शोभाबाई उतरल्या, पदर खोचला आणि मला मागून ढकलू लागल्या. ते आठवलं की अजून माझा ऊर भरून येतो.

आता माझं एक पथ्य सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. मला नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात तेल मिसळावं लागतं. ते नसेल तर इंजिन तापतं, आतला पिस्टन चिकटतो, मागचं चाक जागीच आवळतं आणि वरचा माणूस फेकला जातो. म्हणून शोभाबाईंनी स्वयंपाकघरातली एक छोटी स्टीलची वाटी मला देऊन टाकली होती. दोन लिटरला एक वाटी. शशिकांतराव आधी घरी मोजून तेल ओतत आणि मग पंपावर जात. वाटी आणि तेलाचा डबा जिन्याखालच्या कोनाड्यात असे. ते कधी म्हणजे कधी विसरले नाहीत.

मग एक्याण्णव साल उलटलं आणि दिवस पालटले. जपानी इंजिनांच्या हलक्या, चकचकीत गाड्या जागोजागी दिसू लागल्या. नंबर नाही, वाट पाहणं नाही. हप्ता बांधला की आठवड्यात गाडी दारात. शशिकांतरावांची कंबर धरली, डॉक्टरांनी जड गाडी बंद करायला सांगितली, आणि अशीच एक नवी पोरगी आमच्या घरी आली. तिला तेल मिसळायची कटकट नव्हती. मी जिन्याखाली गेले. अंगावर जुनी चादर, चादरीवर मांजर. नव्याचे नऊ दिवस म्हणत मी वर्ष काढलं. खोटं कशाला बोलू, मला तिचा फार हेवा वाटायचा.

शेवटी मला विकायचं ठरलं. पहिल्या गिऱ्हाइकाला माझे सायलेन्सर कापून आवाज वाढवायचा होता. शशिकांतरावांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग अंबरपेठेत फोटोचा स्टुडिओ असलेला यादगिरी आला. त्याला घाटात जाऊन पाखरांचे फोटो काढायचे होते. त्यानं पोच्यावरून हळूच बोट फिरवलं, आणि तिथेच सौदा पक्का झाला.

मला न्यायच्या दिवशी सकाळी शोभाबाई म्हणाल्या, "अहो, घरातून जाणारं भांडं रिकामं देऊ नये. टाकी भरून द्या."

शशिकांतराव मला पंपावर घेऊन गेले आणि दहा लिटर भरलं. तेल मात्र घातलंच नाही! वर्षभराच्या नव्या सवयीनं अठरा वर्षांच्या सवयीवर मात केली होती. मला पोटात ते लगेच कळलं. पण ओरडणार कशी? माझ्याकडे एक हॉर्न, तोही दुसऱ्यानं दाबायचा.

घरी यादगिरी वाट पाहत होता. त्यानं नेमकं तेच विचारलं. "तेल डाले क्या साब?"

"अठरा साल में एक बार भी नै भूला," शशिकांतराव छाती फुगवून म्हणाले.

"तो आज ईच निकलता मैं. पैले अंबरपेठ के मंदिर में पूजा, फिर सीधा श्रीशैलम."

इंजिनात जुन्या तेलाचा थोडा ओशटपणा अजून उरला होता, म्हणून अंबरपेठेच्या देवळापर्यंत मी कशीबशी पोचले. तिथे आमच्या पुढे पूजेला तीन रिक्षा होत्या. रांगेचे एवढे उपकार मी जन्मात मानले नव्हते. अखेर आमची पाळी आली. पुजाऱ्यानं हळदीकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. यादगिरीनं किकवर पाय ठेवला. मला डोळ्यांपुढे घाट दिसू लागला, आणि घाटातलं एखादं अवघड वळण.

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. ती नवी पोरगी! तिच्यावर शशिकांतराव, पिशवीत तेलाचा डबा आणि वाटी.

"ठैरो! लिंबू पे मत चढाओ!"

ते धापा टाकत उतरले. झालं होतं असं, की वाटीही गाडीबरोबर द्यायची राहिली म्हणून शोभाबाईंनी कोनाड्यात हात घातला, तर वाटीत बोटभर धूळ. "अहो, ही कोरडी ठणठणीत आहे. मग तेल मोजलंत कशानं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"झूट बोला मैं," शशिकांतराव सगळ्या लोकांदेखत म्हणाले. "जानके नै बोला, पर झूट ईच हुआ. तेल डाला ईच नै."

यादगिरीनं किकवरचा पाय काढला. "घाट में चाक पकडता तो..." तो म्हणाला.

"हौ," शशिकांतराव मान खाली घालून म्हणाले.

मग त्यांनी वाटी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि पाच वाट्या तेल माझ्या टाकीत ओतलं. दोघांनी मला दोन बाजूंनी धरून हलवलं, नीट मिसळावं म्हणून. माझा जीव भांड्यात पडला.

"ये कटोरी मैं रख लेतूं साब," यादगिरी म्हणाला.

चार दिवसांनी श्रीशैलमहून परतताना त्यानं मला काचीगुड्याच्या त्या दारात उभं केलं. शोभाबाई बाहेर आल्या. त्यानं त्यांच्या हातात एक नवी कोरी वाटी ठेवली, प्रसादानं काठोकाठ भरलेली. "आपका भांडा मैं रख लिया अम्मा. ये खाली नै लाया."

शोभाबाईंनी एका हातानं वाटी धरली आणि दुसरा हात माझ्या पोच्यावर ठेवला. शशिकांतराव उंबऱ्यातच उभे होते, डोळे पुसत.

मित्रांनो, जुनी वस्तू दुसऱ्याला जरूर द्या. पण ज्या काळजीनं ती पहिल्या दिवशी घरात आणलीत, त्याच काळजीनं तिला शेवटच्या दिवशी निरोप द्या. आणि चूक झालीच, तर वाटी घेऊन मागे धावायला लाजू नका. माझी वाटी आता माझ्या बाजूच्या पेटीत असते. ती कधी कोरडी नसते.