कच्चा ड्रम

"वाफे, ड्रम दे गं! पोर टेबलावर आहे, डॉक्टर माझ्या नावानं ओरडतायत!"

बावीस वर्षांपूर्वीचा हा आवाज. ऑपरेशन थिएटर आणि वाफेची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक लहान खिडकी होती, तिच्यातून तो आला होता. आवाजाची मालकीण, तेव्हाची थिएटर सिस्टर, केव्हाच नोकरी सोडून गेली. खिडकीचा पत्रा दोनदा बदलून झाला. पण पत्रा वाजला की अजूनही आधी तो आवाज येतो आणि मग समोरचं माणूस बोलतं.

"काकू, झाला का हो ड्रम?" आताची तरुण सिस्टर विचारत होती.

"दम धर जरा. काटा खाली येऊ दे. वाफ काय तुझी सासुरवाशीण आहे, हाक मारली की धावत यायला?"

पलीकडे दोघी-तिघी हसल्या. सगळं हॉस्पिटल तिला वाफेवाली म्हणायचं. कापडं, गॉज, हातमोजे पत्र्याच्या ड्रममध्ये भरायचे, ड्रम मशीनमध्ये लोटायचा, वाफ सोडायची आणि अर्धा तास काट्यावरून नजर हलू द्यायची नाही, हे तिचं काम. ड्रमवर फिकट रेघांची पट्टी चिकटवायची. वाफ पुरेशी लागली की त्या रेघा काळ्या पडतात. रेघ काळी तर ड्रम शिजला. थिएटरमधली माणसं तेवढंच बघतात.

तिनं ड्रम खिडकीतून दिला. मग कालच्या रिकाम्या ड्रमवरची वापरलेली पट्टी सोलून काढली आणि तिचे बारीक बारीक तुकडे केले.

"काकू, पट्टी अशी फाडता, जसं नवऱ्याला सापडायच्या आधी प्रेमपत्र!"

"तसंच समज," ती म्हणाली.

बावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी बॉयलर कुंथत होता. काटा निम्म्यावर येऊन अडला होता. पलीकडे एक कोवळी बाळंतीण अडलेली, पोट उघडायचं ठरलेलं, आणि ड्रम कच्चा. ड्रम कच्चा आहे असं ओरडून सांगायचं, एवढंच तिच्या हाती होतं. पण त्या महिन्यात बॉयलरपायी तिनं दोनदा शिव्या खाल्ल्या होत्या. कोपऱ्यात रिकामा ड्रम पडला होता, त्यावरची पट्टी काळीकुट्ट. तिनं ती नखानं अलगद सोलली आणि कच्च्या ड्रमवर चिकटवली. बोटानं दाबून, अगदी सरळ.

बाळ वाचलं. आई आठव्या दिवशी पू होऊन गेली.

चौकशी झाली तेव्हा पट्टी काळी निघाली, म्हणजे ड्रम निर्दोष. मग उरले ड्रम उघडणारे हात. 'सिस्टरने हात नियमाप्रमाणे धुतले नसावेत,' असं कागदावर आलं. सिस्टर भांडली नाही. थिएटर काढून घेतलं तशी नोकरीच सोडून ती निघाली. जाताना वाफेच्या खोलीत आली, तर वाफेवाली मशीनला टेकून रडत होती.

"वेडी का गं तू? माझ्यासाठी कशाला रडतेस? मीच चुकले असेन. माझ्यासाठी प्रार्थना कर."

"मला नाही येत ताई."

"मग मी शिकवते. रविवारी ये."

ती गेली. तोंडातला शब्द तोंडात ठेवून वाफेवाली रविवारी चर्चला गेली आणि चार वर्षं जातच राहिली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून सिस्टरच तिच्या शेजारी उभी राहिली. जिच्या मुळावर ती उठली होती, तिनंच तिला देवाच्या दारात हाताला धरून नेलं.

आज तीनला वाफेवालीची ड्यूटी सुटली. ती घरी गेली नाही, चर्चमध्ये शिरली आणि पापनिवेदनाच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसली.

"फादर, अठरा वर्षं मी इथं येते. राग केला ते सांगितलं, खोटं बोलले ते सांगितलं, जावेचा हेवा केला तेही सांगितलं. एक तेवढं राखून ठेवलं होतं."

आणि तिनं राखलेलं ते सांगितलं.

"बाप्तिस्म्याच्या दिवशी वाटलं होतं, गेलं धुऊन," ती म्हणाली. "पण ड्रम ठासून भरला ना फादर, की वाफ कडेकडेनं फिरते. वरची कापडं कढत होतात आणि मधला गठ्ठा कच्चाच राहतो. माझं तसं झालंय."

"मग अशा वेळी तुम्ही काय करता?"

"ड्रम उपसायचा. सैल भरायचा. परत वाफ द्यायची."

"किती वेळा?"

"लागेल तितक्यांदा."

फादर म्हणाले, "देवाची क्षमा मी तुम्हाला आत्ता देतो. ती कृपा आहे, तिला अट नसते. पण बाई, ती सिस्टर अजून स्वतःला दोषी धरते का?"

"धरते."

"मग तिचं ओझं कुणी उतरवायचं?"

"ती मरायला टेकलीय, फादर. मला पोटच्या पोरीसारखं मानते. सुखानं जाऊ द्या की तिला."

"सुखात आहे ती?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"मग आपण कुणाच्या सुखाचं बोलतोय?" फादरांचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. "सोपं आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर माझेही पाय लटपटले असते. देवाकडे पाय मागा."

बाहेर नवरा स्कूटरवर बसून होता. त्यानं कधी चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता. पण तिला आणायला तो नेहमी यायचा.

"एवढा वेळ? पापं काय निवडून-टिपून दिलीस का?"

"ताईंकडे सोडा मला. आज सांगणार आहे."

त्यानं सुरू केलेली स्कूटर बंद केली. त्याला एकट्यालाच हे ठाऊक होतं. "डोकं ठिकाणावर आहे ना? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, कबूल. पण बावीस वर्षं झाकलेली मूठ आता कशाला उघडायची? दीड वर्षात रिटायर होशील. हॉस्पिटलात कळलं तर आज काकू-काकू करणाऱ्या पोरी तोंडावर थुंकतील."

"थुंकतील."

"आणि म्हातारीनं हाकलून दिलं तर? तुझ्या त्या देवाघरी तिच्याशिवाय तुझं आहे कोण?"

हे मात्र बरोबर वर्मी लागलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

मग त्यानं किक मारली. "बैस. पण मी वर येणार नाही. मला नाही बघवणार."

सिस्टरची खोली दुसऱ्या मजल्यावर. मशीनपुढे उभ्या उभ्या तिनं कधीतरी दोन ओळी जुळवल्या होत्या, त्या पायरीपायरीला ओठांवर येत होत्या:

वाफ गेली वर, पाणी राहिलं तळाशी,
देवा तुला ठावं, काय दडलं माझ्यापाशी.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. "देवा, आज माझ्या मनासारखं होऊ देऊ नकोस," ती पुटपुटली आणि तिनं दार लोटलं.

"वाफे का? ये." सिस्टर उशांना टेकून बसली होती. अंगावर मांस असं उरलंच नव्हतं. "शेजारीण म्हणते, सिस्टरबाईंना यमदूत न्यायला आला तर त्यालाही आधी साबण लावायला लावतील." ती हसली, हसता हसता खोकली. "बरी आलीस. पाणी घाल जरा हातावर."

खाटेखाली घमेलं होतं, शेजारी बादली, तांब्या, साबणाची झिजून चपटी झालेली वडी. वाफेवालीनं घमेलं सिस्टरच्या मांडीवर ठेवलं. सिस्टरनं हात पुढे केले. बोटांची कातडी सोलून लाल झाली होती, पेरांना भेगा पडल्या होत्या.

"सकाळपासून किती वेळा झाले, ताई?"

"मोजत नाही मी. त्या पोरीचं नाव घेते आणि धुते. तिचं लेकरू आता बाविशीत असेल नाही गं? आईविना वाढलं." तिनं हात उलटे करून पाहिले. "तुला एक सांगून ठेवते. मला पेटीत ठेवाल तेव्हा हे हात झाका. पांढरं कापड गुंडाळ, घट्ट. देवासमोर उघडे नकोत."

वाफेवालीनं तांब्या बादलीत बुडवला. भरून वर आणला. सिस्टर वाट बघत होती, डोळे मिटून, ओठ हलवत.

"घाल ना गं."

वाफेवालीनं तांब्या तसाच बादलीत सोडून दिला. जमिनीवर गुडघे टेकले आणि ते सोललेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"नाही घालणार, ताई. डोळे उघडा, माझ्याकडे बघा. त्या दिवशी ड्रम कच्चा होता. काळी पट्टी मी दुसऱ्या ड्रमची काढून चिकटवली होती. तुमच्या हातांनी काही केलं नाही. मी केलं."