तलवारींच्या ओळीतलं फावडं

शाहू महाराजांच्या राज्यातली गोष्ट. माझे अब्बा, कुतुबुद्दीन, मुंबईला सरकारी लढाऊ बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला होते. बोट टॉर्पेडोची. पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारे लांबलचक गोळे तिच्यावर होते. शत्रूच्या चपळ बोटींचा पाठलाग करायला म्हणून ती विलायतेत बांधली, पण तेवढं पळणं तिला कधी जमलंच नाही. बंदराची राखण, साहेबांची ने-आण, दुरुस्ती आणि पुन्हा राखण, यातच तिची उमर गेली. लढाई तिनं पाहिली नाही. शेवटी ती भंगारात निघाली आणि अब्बा भट्टीवरचं फावडं घेऊन नेसरीकडच्या आमच्या गावी आले.

आमच्याकडं खंडेनवमीला चावडीपुढं दोन घोंगड्या अंथरत. एकीवर तलवारी, दुसरीवर नांगर, कुऱ्हाडी. आम्हा मुसलमानांच्या घरचीही हत्यारं त्यातच. एकदा मांडलेली वस्तू पूजा होईपर्यंत ज्याची त्यानंच हलवायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा रिवाज.

अब्बांनी फावडं तलवारींच्या ओळीत ठेवलं.

माणसं हसली. तुझ्या बोटीनं किती मुडदे पाडले, असं गणपतराव पाटलांनी विचारलं.

"एक बी न्हाय," अब्बा म्हणाले.

"मग उचल की. नांगराशेजारी ठेव जा."

"न्हाय उचलत."

मग अब्बांनी सगळ्यांदेखत सांगितलं. शाहूवाडीचा आकाराम त्यांच्या पाळीला होता. बॉयलरची नळी फुटली आणि वाफेनं भाजून तो जागीच गेला. उरलेल्यांनी दुसरी भट्टी पेटती ठेवून बोट बंदराला लावली.

"तवा आकारामच्या हातात ह्येच फावडं हुतं, पाटील. तुमची तलवार कुठं गेलती, त्ये सांगा."

पाटलांची तलवार दसऱ्याखेरीज म्यानातून निघाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. फावडं हलवा, असा पाटलांनी हुकूम सोडला, तरी रिवाज मोडून त्याला कोण शिवणार? अब्बा तिथंच मांडी घालून बसले. गुरव ताट घेऊन ताटकळला. ऊन चढलं, घरोघरी मटण शिजून निवत आलं.

शेवटी पाटलांनी, हलवता येत होती ती एकच वस्तू हलवली. कोळशाशेजारी आपली तलवार पुजायची न्हाय म्हणत ती उचलली आणि नांगर-कुऱ्हाडींत नेऊन ठेवली. पूजा झाली.

पुढच्या नवमीला पाटील सगळ्यांच्या आधी आले आणि तलवारींच्या घोंगडीवर मधोमध आपली मांडून बसले. अब्बा सावकाश आले. फावडं त्यांनी तिला टेकवूनच ठेवलं.