हरणीच्या टोपणावरचा साथिया

तातेराव मिस्त्री रागीट माणूस, पण त्याचा राग माणसांवर कमी आणि नटबोल्टांवर जास्त. पाना घसरला की तो पान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. गेल्या आठ दिवसांत तर त्यानं हरणीला इतक्या शिव्या घातल्या, की शेजारचा पंक्चरवाला पोरांना म्हणाला, "कानात बोटं घाला रे, मिस्त्रीनं बोनट उघडलं."

हरणी म्हणजे मिलवाल्या सूरजमल सेठजींची मोटार. दोनच माणसांची, उघड्या टपाची, विलायतेत घडलेली. हैदराबादच्या कुण्या बड्या इंजिनीअरकडून सेठजींनी बावन्न साली घेतली, आता शहात्तर चालू होतं. अख्ख्या जालन्यात दुसरी अशी मोटार नाही. अंबड रस्त्यानं निघाली की चहावाल्याची किटली हातातच राहायची. वीस वर्षं तिची देखभाल तातेरावच्या हातची. हिचा कोणता बोल्ट सरळ आणि कोणता नाठाळ, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

आणि अशी ही हरणी दसऱ्यानंतर चार दिवसांत बिघडली. दुखणंही कसलं, तर सपाटीला लोण्यासारखी पळायची आणि चढ लागला की मिस मारायला लागायची. फट्, फट्, फटाक! ओढ म्हणून नाही. म्हसोबाच्या चढावर सेठजी स्वतः गाडीत होते. मागून कडब्याची बैलगाडी आली, पुढं निघून गेली, आणि गाडीवान मान वळवून म्हणाला, "सेठजी, दोर टाकू का?"

झालं! सेठजींना ते जिव्हारी लागलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भंगारातल्या एका जीपचं डिझेल इंजिन बघून ठेवलं. तातेरावनं आठ दिवस मागितले, ते मिळाले. आज आठवा दिवस होता. सकाळीच सेठजींचा निरोप आला, "चार वाजता भुजंग मिस्त्री साखळी-पुली घेऊन मिलवर येऊन राह्यला. जुनं इंजिन काढायचं, डिझेल बसवायचं. गाडी तिकडं पोचती कर."

हरणीत डिझेल! म्हणजे हरणाच्या अंगात म्हशीचा जीव. एकदा का ते इंजिन पुलीला टांगलं, की ते भंगारातच जाणार. आणि गाव म्हणणार, तातेरावला उमगलं नाही म्हणून गेलं.

उमगायला त्यानं काय कमी केलं होतं? चारी प्लग नवे घातले. पॉइंट घासले, मग बदलले, कंडेन्सर बदलला. दोन्ही कार्बोरेटर खोलून पेट्रोलात धुतले, फुंकून फुंकून गाल दुखले. टाकीपासून नळी साफ केली. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून चारी सिलिंडरांचा दाब बघितला, तर अंगठा उडवून लावत होते बिचारे. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली, की आजारी कोण. आजारी कुणीच नाही! आणि चढावर चौघंही आजारी. म्हणजे घरात सगळे ठणठणीत आणि कामाला निघालं की सगळ्यांना एकदमच ताप. असली नाटकी गाडी त्यानं जन्मात बघितली नव्हती.

बारा वाजता त्याची बायको प्रभावती भाकरी घेऊन आली. नवरा बोनटपुढं डोकं धरून बसलेला.

"जेवता, का इंजिनालाच भरवू?"

"प्रभे, मस्करी करू नको. चार वाजता जीव जायलाय हिचा."

"मंग आता राह्यलंय काय बघायचं?"

तातेराव काही तरी वसकन बोलणार होता, पण तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काय राहिलंय बघायचं? रोड ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपात त्याला शिकवणारे बडे उस्ताद एक गोष्ट सांगायचे, की करंट कुठं गळतो ते उजेडात दिसत नाही, अंधारात बघावं. पण भर दुपारी अंधार आणायचा कुठून?

"प्रभे, गोधडी आण! जाड असंल ती. जल्दी!"

"उन्हात गोधडी? इंजिनाला थंडी वाजली का काय?"

पण ती पळाली, बाई गुणाची. घर मागंच होतं. तातेरावनं इंजिन सुरू केलं, बायकोला हरणीत बसवलं, आणि स्वतः बोनटखाली डोकं घालून गोधडी अंगावर ओढली. बाहेर पंक्चरवाला, त्याची पोरं आणि दोन उसाचे ट्रकवाले जमा झाले. गोधडीतून नुसती मिस्त्रीची ढुंगणाकडची बाजू दिसत होती, पण ती सुद्धा मोठी उत्सुक दिसत होती म्हणे.

"दाब!" आतून ओरडा आला. "एकदम दाब, एकदम सोड!"

प्रभावतीनं पाय दाबला. इंजिन किंचाळलं. गरम तेलाचा वास, पंख्याचा वारा, मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणावर निळं काही तरी सळकन पळालं.

"पुन्हा दाब!"

पुन्हा पळालं. मधल्या टोकापासून चार कोपऱ्यांना चार निळ्या रेघा, वळण घेतलेल्या, जशा कुणी बोटानं काढाव्यात. तातेरावच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती आकृती त्याला चांगली ठाऊक होती.

"घावलं!" तो गोधडीसकट उभा राहिला आणि बोनटावर डोकं आपटलं. "घावलं गं प्रभे, घावलं! आगं आठ दिवस माझ्या डोळ्यासमोर होतं!"

तो साथिया होता. कुंकवाचा स्वस्तिक.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. सेठजींच्या पत्नी लाडबाई स्वतः ताट घेऊन फिरायच्या. दर साली हरणीच्या बोनटावर साथिया काढायच्या, यंदा बोनट उघडं होतं. त्यांनी विचारलं, "तातेराव, हिचा जीव कुठं असतो रे?" आणि ह्या शहाण्यानं ऐटीत बोट दाखवलं, "हे बघा बाई, हा डिस्ट्रिब्यूटर. मधून करंट येतो आन चारी सिलिंडरला इथूनच ठिणगी वाटली जाते. जीव म्हणाल तर हितंच." लाडबाईंनी ओलं कुंकू घेतलं, आणि मधल्या टोकापासून चारी कोपऱ्यांपर्यंत साथिया काढला. देखणा काढला. कुंकू इंजिनाच्या उष्णतेनं भाजलं, करपलं, आणि करंटाला आयती पायवाट झाली. सपाटीला प्लगला थोडक्यात भागायचं. चढाला तो जोराची ठिणगी मागायचा, तेव्हा करंट प्लगाकडं न जाता ह्या सोप्या वाटेनं पळून जायचा.

आणि तातेरावनं हे आठ दिवस बघितलं कसं नाही? बघितलं की! पहिल्याच दिवशी बघितलं. टोपण काढलं, आतून पेट्रोलनं लख्ख केलं, आणि साथियाला बोट न लावता पुन्हा बसवलं. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतल्यापासून त्यानं देव सोडले होते, पण दुसऱ्याचा देव पुसायला तो निघाला नव्हता. शिवाय दसऱ्याला तो पूजेच्या जवळ उभा होता तेव्हा मुनीमजी हळूच बोलले होते, "ताटाला ह्याचा हात लागू देऊ नका." हळूच म्हणजे बराबर ऐकू येईल इतकं हळू.

"मंग पुसा की आता," प्रभावती म्हणाली. "कोण बघायलंय?"

"चोरावानी पुसू? आन पुढल्या दसऱ्याला बाई पुन्हा काढतील, तवा? न्हाई. त्यांच्या तोंडावर सांगतो."

"सांगा. पण जीभ सांभाळून."

तीन वाजता हरणी मिलच्या अंगणात शिरली. भुजंग मिस्त्रीनं तीन बल्ल्यांची तिपाई उभी केली होती, साखळी लोंबत होती. सेठजी खुर्चीत, मुनीमजी बाजूला. लाडबाई पलीकडं खाटेवर मुगाच्या मंगोड्या वाळत घालत होत्या.

"वा, वेळेच्या आधी आला," सेठजी म्हणाले. "भुजंग, लाव साखळी."

"थांबा!" तातेराव इतक्या जोरात ओरडला की खाटेवरच्या चिमण्या उडाल्या. "सेठजी, रोग सापडला. पण मला सेठाणीबाईंशी बोलायचंय."

लाडबाई हात पुसत आल्या. तातेरावनं बोनट उघडलं, टोपण दाखवलं, आणि एका दमात सगळं सांगितलं. करंट, पायवाट, गोधडी, सगळं. बोलून झालं तेव्हा त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"म्हणजे माझ्या साथियानं गाडी मारली?" लाडबाईंनी विचारलं.

"शिव शिव," मुनीमजी म्हणाले. "देव सोडलेल्या माणसानं हेच सांगायचं."

"साथियानं न्हाई, बाई. ओल्या कुंकवानं. दारावर काढला असता तर काहीच झालं नसतं. जागा मी दाखवली, चूक माझी."

लाडबाई वाकून टोपणाकडं बघत राहिल्या. मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "हे तू पहिल्या दिवशी बघितलं होतं ना?"

"व्हय."

"मग पुसलं का न्हाई? आठ दिवस सगळी गाडी उलटी केली, आणि हे एवढं तसंच ठेवलं?"

"भ्यालो, बाई."

"देवाला?"

"देवाला कामून भिऊ? तुम्हा लोकांला भ्यालो."

भुजंगच्या हातातली साखळी किणकिणली. तातेरावला वाटलं, गेलं, इंजिनही गेलं आणि हे घरही तुटलं. प्रभीनं सांगितलं होतं, जीभ सांभाळा.

"वीस वर्षं झाली तुला ह्या घरात येऊन," लाडबाई हळू आवाजात म्हणाल्या. "इतकी भीती आम्हीच घातली असंल." त्यांनी मुनीमजींकडं एकदा बघितलं, आणि मुनीमजींना एकदम खोकला आला. मग त्यांनी ओढणीचा पदर बोटाला गुंडाळला आणि साथिया स्वतः पुसला. दाबून, घासून पुसला. लाल गेलं, पण खाली केसासारख्या काळ्या रेघा राहिल्या.

"हे निघत न्हाई रे."

"करपलंय, बाई. ब्लेडनं खरवडून वर लाख भरावी लागंल. लाखंतून करंट जात न्हाई. बाजारातून लाखेचा चपडा आणतो—"

"बाजारात जाईपर्यंत चार वाजतील." लाडबाईंनी मनगटातली लाखेची लाल बांगडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "घे. लाखच आहे."

"अहो, बांगडी?" सेठजी खुर्चीतून अर्धे उठले.

"हातात अजून सहा आहेत. तुमचं काही वाईट होत न्हाई त्यानं."

मग काय धांदल! तातेरावनं रेघा खरवडल्या, टोपण स्पिरिटनं पुसलं. भुजंग शेवटी मिस्त्रीच, त्याच्यानं राहवलं नाही. पुली सोडून तो स्टोव्ह पेटवायला बसला. बांगडीवरच्या काचा चिमट्यानं उपटल्या, लाख वितळवली, काडीनं रेघांत भरली, गरम पात्यानं गुळगुळीत केली. टोपण बसलं. चावी फिरली.

"आता चढावर बघू," सेठजी गाडीकडं निघाले.

पण लाडबाई त्यांच्या आधी जाऊन बसल्या होत्या. चोवीस वर्षांत त्या हरणीत एकदाही बसल्या नव्हत्या. दोनच जागा, एक सेठजींची, एक चालवणाऱ्याची. त्यांनी ओढणी डोक्यावरून घट्ट बांधली.

"साथिया माझा होता. गाडी बंद पडली तर मीच उतरून ढकलीन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. चल रे तातेराव."

अंबड रस्ता लागला. चहावाल्याची किटली हातातच राहिली. गोधडी खांद्यावर टाकलेली प्रभावती गॅरेजच्या दारातून बघत होती. पुढं म्हसोबाचा चढ आला, आणि तातेरावचे ओठ कोरडे पडले. तिसरा गिअर. पाय दाबला. आता फटफटणार, आता...

फटफटली नाही! अहो, गर्जली! चौघांनी एका सुरात जोर लावला आणि हरणी अशी उसळली की लाडबाईंची पाठ गादीवर आदळली. पुढं उसाचा ट्रक होता, तो मागं पडला. कडब्याची एक गाडी मागं पडली. तातेराव हसत होता, मोठ्यानं, दात काढून, आणि शेजारी साठ वर्षांची बाई लहान पोरीसारखी ओरडत होती, "अजून! अजून!"

माथ्यावर त्यानं वेग कमी केला.

"वळवू का, बाई? सेठजी वाट बघायलेत. भुजंग पण बसलाय."

"त्याला कुणी तरी सांगंल घरी जायला. इंजिन काढायचं राह्यलंय का आता?" त्यांनी पुढच्या मोकळ्या रस्त्याकडं बघितलं. "अंबड किती लांब?"

"अर्ध्या तासात पोचवतो."

"मग चल." थोडं पुढं गेल्यावर त्या म्हणाल्या, "तातेराव, पुन्हा माझ्या हातून असं काही झालं, तर आठ दिवस थांबू नको. मला न विचारता पुसून टाक."

"व्हय, बाई," तातेराव म्हणाला. आणि त्यानं गिअर बदलला.