सूनबाईने आखलेला समुद्र

आमच्या सूनबाईचं कौतुक मी तिच्या तोंडावर कधीच करत नाही. माणसं शेफारतात. पाठीमागे मात्र ज्याला त्याला धरून सांगतो, आणि आज तुम्ही तावडीत सापडला आहात.

ती एका नाटक कंपनीत रंगमंच व्यवस्थापक आहे. पडद्यापुढे जे दिसतं ते सोडून बाकी सगळं तिच्या अंगावर. नेपथ्य तयार व्हायला वेळ लागतो, पण तोवर तालमी थांबत नाहीत. म्हणून ती तालमीच्या हॉलच्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून अख्खं घर आखते. इथे दार, इथे पलंग, इथे जिना. नट मंडळी त्या पट्ट्यांमध्ये वावरतात, आणि समोर भिंत नसली तरी भिंतीतून आरपार जायची कुणाची छाती होत नाही. मी एकदा चहाचा कप घेऊन गेलो होतो भिंतीतून. तिने मला परत पाठवलं आणि दारातून यायला लावलं.

तर यंदा आमच्या घरी परदेशातल्या समुद्राचं ठरत होतं. चिरंजीवांना मोठी सुट्टी मिळाली होती, नात टिल्ली पोहायला शिकली होती, आणि मुख्य म्हणजे हिची हौस. आमच्या हिने समुद्र पाहिला तो एकदा बसच्या खिडकीतून. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, लाट अंगावर घ्यायची, एवढीच तिची इच्छा, आणि तीही लग्नाच्या आधीपासूनची. दरवेळी काहीतरी आडवं आलं. कधी परीक्षा, कधी आजारपण, कधी कुणाचं तरी लग्न. आणि आता सगळं जुळून आलं तर हिचे गुडघे. बाजारात निघालो की अर्ध्या वाटेत ही कुठल्या तरी कट्ट्यावर बसते. मग मलाही बसावं लागतं. मी जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस, माझा पाय कसला थांबतोय! पण मी कुरकुर करत नाही.

चिरंजीवांनी टीव्हीच्या पडद्यावर तीन गावं दाखवली. पहिलं उंच कड्यावरचं. खाली निळंशार पाणी, वर पांढरी घरं, फोटो असा की बघतच राहावं. दुसरं लांबच लांब वाळूचं. ते मला पसंत पडलं, म्हटलं रोज सकाळी मस्त रपेट मारीन. तिसरं जुन्या बंदराचं. मातकट फोटो, त्यात एक कुत्रं आळस देतंय. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"कड्यावरचंच घेऊ," चिरंजीव म्हणाले. "आई, तुला खाली उतरायची गरजच नाही. सज्ज्यात खुर्ची टाकली की सगळा समुद्र समोर."

"हो रे," ही म्हणाली. "मला तेवढंही पुष्कळ आहे."

हिचं 'पुष्कळ' मी चांगलं ओळखतो. आवाज असा खाली गेला की समजावं, मन मारलंय. मला फार वाईट वाटलं, पण गुडघ्यांपुढे कोण काय करणार?

सूनबाई टीव्हीपाशी उभी होती. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून तिने पडद्यावरच्या कड्याला टोचली आणि म्हणाली, "फोटोत चढ कळत नाही. आपण आधी तालीम करू."

मी हसलो. पण ही पोरगी पेटली की पेटली. आठवडाभर ती त्या तिन्ही गावांना फोन करत होती. हॉटेलवाल्यांना नव्हे, कारण ते गोडच बोलणार. तिने औषधांच्या दुकानात फोन केले. मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, तुमच्या गावातली म्हातारी माणसं पाण्यापर्यंत कशी जातात? वाटेत सावली आहे का? ओहोटीला पाणी किती मागे सरकतं? पलीकडची माणसंही काय भली, काउंटर सोडून बाहेर जाऊन बघून सांगायची. मी हे ऐकून तोंडात बोट घातलं.

तालमीला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही सगळे तालमीच्या हॉलमध्ये हजर. पाण्याची कड म्हणून तिने निळी पट्टी लावली होती. कड्याच्या पायऱ्यांसाठी रंगमंचामागचा लोखंडी जिना. वाळूसाठी मारामारीच्या प्रसंगात नट ज्यांवर पडतात त्या जाड गाद्या ओळीने पसरलेल्या, आणि पुढे सामान चढवायचा उतार. प्रत्येकाच्या हातात सामान दिलं. माझ्या खांद्यावर मोठी छत्री, हिच्याकडे टॉवेलांची पिशवी.

"जाणं सगळ्यांनाच जमतं," सूनबाई म्हणाली. "मला परतीचं बघायचंय. भूक लागलेली असेल, अंग ओलं असेल, ऊन असेल. चला."

कडा आम्ही झोकात उतरलो. परत चढताना वळणावर मी मागे वळून खालचा देखावा बघायला जरा थांबलो. देखावा म्हणजे झाडू आणि बादली. तेवढ्यात ही डावा गुडघा धरून पायरीवर बसली. चिरंजीवांचा चेहरा पडला. कड्यावरचं गाव तिथेच निकालात निघालं.

मग माझं वाळूचं गाव. जाताना मी सगळ्यांच्या पुढे. टिल्ली माझ्यामागे पळत होती. परतताना मात्र गादीत पाय रुतायला लागला. उताराशी आलो तेव्हा छत्रीचा पट्टा सैल झालाय असं वाटून मी थांबलो. पट्टा घट्टच होता.

"अगं आई गं, गुडघा!" म्हणत ही गादीवर बसली. मी पण बसलो, हिच्या सोबतीला.

सूनबाई जवळ आली. "आई, कुठला गुडघा?"

"हा काय, उजवा."

"मघाशी जिन्यात डावा होता."

या पोरीच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. तिच्या एका नटाचा लंगडा पाय दर अंकाला बदलायचा, तेव्हा तिने त्याच्या एका बुटात खडा टाकून ठेवला होता.

"दोन्ही दुखतात गं," ही पुटपुटली. "वयच आहे."

सूनबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ती टाळी वाजवून म्हणाली, "चला, चहाची सुट्टी," आणि चिरंजीवांना आणि टिल्लीला घेऊन बाहेर गेली.

राहिलो आम्ही दोघं, गादीवर. मला सगळं आठवायला लागलं. बाजाराचा चढ. भाचीच्या लग्नातला कार्यालयाचा जिना. देवळाकडची वाट. जिथे जिथे हिचा गुडघा दुखला, तिथे तिथे माझं काय झालं होतं ते.

"खरं सांग," मी म्हणालो. "गुडघे दुखतात का तुझे?"

"दुखतात ना."

"कधी?"

ती पिशवीतला टॉवेल काढून पुन्हा घडी घालत बसली. "तुम्हाला दम लागला की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला सांगायचं नाही? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"काय सांगायचं? दम लागलाय, बसा, असं? बसला असतात?" तिचाही आवाज चढला. "डॉक्टरांनी सावकाश चाला म्हणून सांगितलं, तर त्यांच्याच दवाखान्यातून निघताना लिफ्ट सोडून जिन्याने उतरलात. घरी आल्यावर पुन्हा जिन्याने वर. दारात पोहोचलात तेव्हा ओठ निळे पडले होते तुमचे. त्या दिवसापासून माझा गुडघा दुखतोय."

मी म्हणालो, "आणि सज्ज्यातली खुर्ची?"

"मी बसले तर तुम्ही बसाल माझ्याशेजारी. मी पाण्यात गेले तर तुम्ही माझ्या पुढे धावाल. मला लाट नको, तुम्ही हवेत."

दोन वर्षं. दोन वर्षं ही बाई चारचौघांत लंगडली, लोकांची कीव ऐकून घेतली, नाही नाही ती तेलं चोळून घेतली, आणि मी ऐटीत सांगत फिरलो की मी हिच्यासाठी थांबतो. राग कुठल्या कुठे गेला. मला तिचं इतकं कौतुक वाटलं, आणि स्वतःची इतकी लाज, की मान वर होईना.

मंडळी परत आली. तिसऱ्या गावाची तालीम झाली. त्या बंदराच्या गावात घरापासून पाण्यापर्यंत लाकडी फळ्यांची सपाट वाट होती आणि वाटेत बाक होते, असं औषधवाल्याने सांगितलं होतं. सूनबाईने बाकांच्या जागी खुर्च्या मांडल्या होत्या. एकेका खुर्चीवर टेकत, बोलत, आम्ही आरामात निळ्या पट्टीपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. कुणालाच काही सांगावं लागलं नाही. ज्या गावाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं तेच ठरलं.

सूनबाईने तिथूनच त्या गावातल्या घरमालकिणीला फोन लावला. थोडं बोलून तिने फोनवर हात ठेवला. "त्या विचारताहेत, चालायचा त्रास कुणाला आहे का? असेल तर वाटेला लागून असलेली खालची खोली देतील."

"हो, आईला—" चिरंजीव म्हणाले.

"हो, माझे गुडघे—" ही म्हणाली.

"थांबा," मी म्हणालो. चाळीस वर्षं मैदानावर ओरडलेला माझा आवाज, पण तेव्हा जेमतेम फुटला. "त्रास मला आहे. मला चालताना दम लागतो. डॉक्टरांनी सांगितलंय, मी ऐकत नाही. हिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. तिला पाण्यात जायचंय."

चिरंजीव आ वासून बघत राहिले. सूनबाईने काही न दाखवता शांतपणे फोनवर तसंच सांगितलं.

आणि ही? हिने टॉवेलांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पदर खोचला, आणि सरळ, भरभर चालत निघाली. खुर्च्या मागे टाकल्या, निळी पट्टी ओलांडली, आणि पुढे पुढे जात हॉलच्या भिंतीपाशी पोहोचली. तिथून वळून तिने मला हाक मारली.

"अहो, तुम्ही बाकावर बसा. मी जाऊन येते."

मी बसलो.