धनीबाईच्या हातची

“डोळे बांधा याचे,” उकंडराव म्हणाले, “म्हंजे रंग पाहून सांगतलं असं कोनी म्हनाले नोको.”

दौलतरावांनी हसत आपलं उपरणं पुढं केलं. खेमानं ते घेतलं आणि स्वतःच्याच हातांनी डोळ्यांवर घट्ट बांधलं. समोर मेजावर काचेचे सहा पेले ओळीनं मांडले होते. सकाळी राखेनं घासून, विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुऊन, सुती फडक्यानं त्यानंच ते पुसून ठेवले होते. एरवी भरायचाही तोच. आज मात्र उकंडरावांनी त्याला बाहेर पिटाळून पेले भरले होते आणि कोणत्या पेल्यात काय आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

शेलूबाजारच्या रस्त्याला दौलतरावांची संत्र्याची बाग होती आणि बागेत एक कौलारू बंगली. महिन्यातून एका रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की तिथं चार-पाच माणसं जमत. वाशीमचे एक डॉक्टर असत, जिनिंगचे मॅनेजर असत, किन्हीराजा गावाकडे जमीनजुमला असलेले उकंडराव असत. कोणी नागपूरहून, कोणी मुंबईहून व्हिस्कीची बाटली मिळवून आणी. ती फोडायची, घोट-घोट जिभेवर घोळवायची आणि ही कशी, ती कशी यावर संध्याकाळपर्यंत वाद घालायचा. दौलतराव याला ‘चवीची बैठक’ म्हणत. तोल जाईपर्यंत पिणाऱ्याला पुन्हा बोलावणं जात नसे.

खेमा मूळचा या बागेचा राखणदार. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा, बंजाऱ्याचा. बायको बाळंतपणात गेली तेव्हापासून तो बागेतच राहत होता. चार वर्षांपूर्वी एका बैठकीत सगळे एका नव्या बाटलीची तारीफ करत होते आणि खेमा पाण्याची घागर घेऊन दारात उभा होता. न राहवून तो बोलून गेला, “मालक, हिच्यात गुळाची दारू मिसळेल हाय.” सगळे हसले. दौलतरावांना राग आला. पण त्यांनी बाटली आणणाऱ्या दलालाला गाठून दरडावलं, तेव्हा तो कबूल झाला. त्या दिवसापासून खेमाचं नशीब पालटलं. दौलतरावांनी त्याच्यासाठी पांढरा कोट शिवून घेतला. हलकी आधी, धुराच्या वासाची शेवटी, हा क्रम तोच ठरवू लागला. बाटली उघडली की पहिला वास त्याचा. त्यानं मान हलवल्याशिवाय डॉक्टरसुद्धा पेला उचलत नसत. तो स्वतः पीत मात्र नसे. घोट घ्यायचा, घोळवायचा आणि पिकदाणीत टाकून द्यायचा.

बसायला त्याला मेजाजवळ एक तिवई होती. पाहुण्यांच्या गालिच्यावर त्याला कोणी बोलावलं नाही आणि तोही कधी गेला नाही. पण त्या तिवईवर बसलं की आपण कोणीतरी आहोत असं त्याला वाटे. चाळीस वर्षांच्या आयुष्यात तसं दुसरीकडं कुठं वाटलं नव्हतं.

खेमानं पहिला पेला नाकाशी नेला. “ही मागच्या बैठकीतली. उरलेली.”

“बरोबर!”

दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तो थोडं थांबे, हुंगे, घोट घेऊन टाकून देई आणि सांगे. एकदाही चुकला नाही. पाचव्या पेल्याला म्हणाला, “हिच्यात कोनं तरी पानी टाकलं,” तेव्हा उकंडरावांनी मांडीवर थाप मारली. पाणी त्यांनीच टाकलं होतं.

सहावा पेला त्यानं उचलला, आणि उपरण्याखाली त्याचा चेहरा एकदम सैल झाला. तो हसला.

“ही तं आमची.”

बंगली हसण्यानं भरून गेली. मोहाची दारू होती. उकंडरावांनी गंमत म्हणून आणली होती.

“आमची म्हंजे कोनाची?” उकंडराव म्हणाले. “मोहाची हाय हे तं आमचा बैल बी सांगन. खरा पारखी असशील तं हात सांग. कोनाच्या हातची दारू हाय?”

खेमानं पुन्हा वास घेतला. या खेपेला घोट टाकून दिला नाही, गिळला.

“फुलं मातीवर नाही वायवली, खडकावर वायवली. मडक्याच्या तोंडाले शेन नाही, कनकीचा लेप. आन पयली धार फेकून देल्ली. लोभी मानूस पयली धार फेकत नाही, मालक. थे डोक्यात जाते, मानसाले मारते, तरी विकते. हे फेकनारं आमच्या तांड्यात एकच मानूस हाय.”

“कोन?”

“माही बहीन. धनीबाई.”

उकंडरावांनी दोन्ही हात वर केले. “हारलो बाप्पा! तिचीच हाय.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खेमानं उपरणं सोडलं. उजेडानं डोळे दिपले होते आणि समोर मोठी मोठी माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आबकारीचे नवे इन्स्पेक्टर बसले होते. डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना आणलं होतं. त्यांनी तो सहावा पेला मागून घेतला, चाखला आणि कौतुकानं मान डोलावली.

“फारच सुरेख. कुठं असते तुझी बहीण?”

“किन्हीराजाच्या तांड्यावर, साहेब. नाल्याच्या अंगाले, शेवटचं घर.”

हा माणूस आबकारीचा आहे हे खेमाला माहीत होतं. चोरून दारू गाळणं गुन्हा आहे हेही माहीत होतं. पण ज्यानं घरची चव घेतली, वाहवा केली, तो त्याच घरावर चालून जाईल हे त्याच्या मनातही आलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याच्या मनात धनीबाई नव्हतीच. टाळ्या होत्या.

गुरुवारी दुपारी तांड्याचा नायक लखीराम बागेत आला. पायात वहाणा नव्हत्या. खेमा झाडांच्या आळ्यांना पाणी देत होता. लखीराम बांधावर उभा राहिला, खाली उतरला नाही.

“धनीले घेऊन गेले,” तो म्हणाला. “सकायी सात-आठ शिपाई आले. घरात काही भेटलं नाही. नाल्यात मडके भेटले, थे फोडले. म्हातारीले खाटेवरून उठवून खाट बी उलटी केली.”

म्हातारी म्हणजे धनीबाईची सासू, गोमतीबाई. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. नवरा मेल्यावर धनीबाईनं दुसरं घर केलं नाही, या म्हातारीपायी तिथंच राहिली. शेतीचा तुकडा नाही, कापसाचा हंगाम सरला की मजुरी नाही. जे होतं ते मडकं होतं.

“कोनं सांगतलं?” खेमानं विचारलं. विचारतानाच उत्तर त्याला कळून चुकलं होतं.

“तुह्याच तोंडानं नाव गेलं म्हन्ते, खेमा.” एवढंच म्हणून लखीराम आल्या वाटेनं निघून गेला.

खेमा तसाच चिखलाच्या पायांनी दौलतरावांकडे गेला. ते ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

“मालक, थे तं बैठकीतली गोष्ट व्हती ना? आपसातली?”

“मंग? मी का त्याले जाय म्हटलं?” दौलतराव म्हणाले. “सरकारी मानूस हाय, त्याचं काम त्यानं केलं. माह्या हातात काय हाय त्याच्यात?”

“त्यानं बी पेली, मालक. तुमच्या देखत. पेला मागून घेऊन पेली.”

“हळू बोल,” दौलतराव म्हणाले. सुपारी तोंडात टाकून ते जरा नरमले. “काही होत नाही बायामानसाले. सोडतीन. आन पाय, पुढच्या बैठकीले मुंबईची नवी बाटली येऊन राह्यली. पेले नीट घासून ठेव.”

पण धनीबाईला सोडलं नाही. मडकी नाल्यात सापडली होती आणि नाला कोणाच्या मालकीचा नव्हता. ती मडकी तिचीच हे ठरवायचं कसं? इन्स्पेक्टरांनी उकंडरावांकडून ती उरलेली बाटली मागवून घेतली आणि उकंडरावांना त्यात न गुंतवता साक्षीदार म्हणून खेमाचं नाव घातलं. कोर्टाचा कागद बागेत आला. इन्स्पेक्टर स्वतः येऊन सांगून गेले, “तुला खोटं काहीच बोलायचं नाही. बैठकीत जे सांगितलंस तेवढंच साहेबांपुढं सांग.”

तारखेच्या दिवशी वाशीमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात धनीबाई भिंतीला टेकून बसली होती. बाजूला एक शिपाई विडी ओढत होता. हातातल्या बलोया, बंजारणीच्या जाड पांढऱ्या बांगड्या, कुठं तरी काढून घेतल्या होत्या आणि तिचे दंड उघडे, पांढुरके दिसत होते. खेमा तिच्यापुढं उकिडवा बसला. पाठ करून आणलेलं सगळं विसरून गेला.

“बाई...”

तिनं मान वर केली. तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता, तिच्या कडेवर वाढलेला. “खरंच डोये बांधून वळखली?” तिनं विचारलं.

“हो.”

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणावं तर हसू नव्हतं. मग तिनं विचारलं, “वळखली तं वळखली. सांगतलं काहून?”

तेवढ्यात आतून पुकारा झाला.

सरकारी वकिलांनी बाटलीचं बूच काढून ती त्याच्या हातात दिली. “हुंग. कोणाच्या हातची आहे?”

खेमानं बाटली नाकाशी नेली. खडकावरचं ऊन, कणकेचा लेप, सगळं जसंच्या तसं आत शिरलं. त्यानं बाटली खाली ठेवली.

“मले काही वास येत नाही, साहेब.”

“म्हणजे?”

“मले कशाचाच वास येत नाही. लहानपनापासून. बैठकीत मी असाच अंदाजानं बोलो. मालक लोकांची करमनूक व्हये.”

मागं बाकावर दौलतराव आणि उकंडराव बसले होते. उकंडराव “अबे!” असं मोठ्यानं बोलले आणि शिपायानं त्यांना गप्प केलं. इन्स्पेक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वकिलांच्या कानात काही सांगितलं. थोड्या वेळानं एक शिपाई दिव्यातलं रॉकेल एका वाटीत घेऊन आला.

“हे काय आहे?”

“पानी असन, साहेब.”

कोर्टात हशा पिकला. “पाणी आहे तर पी,” वकील म्हणाले. न्यायाधीश वर बघून काही बोलणार, तोच खेमानं वाटी तोंडाला लावली. एक घोट आत गेला, दुसरा नाका-तोंडातून बाहेर आला. तो वाकून खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यातूनही तो म्हणत होता, “पानीच हाय, साहेब... पानीच...”

“वाटी काढून घ्या!” न्यायाधीश ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हा मनुष्य शपथेवर उघड खोटं बोलतो आहे. याच्यावर खटला भरावा लागेल. तुरुंगात जाशील, समजतं का तुला?”

“समजते, साहेब.”

“बस करा.”

धनीबाई उभी राहिली होती. आवाज चढला नव्हता, पण कोर्ट गप्प झालं.

“थे बाटली माही हाय. नाल्यातले मडके बी माहेच. माह्या भावाले कायले मारून राह्यले? त्याचं नाक चांगलं हाय. त्याच्यासारखं नाक उभ्या तालुक्यात नाही. सोडा त्याले.”

“बाई, नोको...” खेमा खोकत म्हणाला. पण कारकुनानं लिहून घ्यायला सुरुवात केली होती.

धनीबाईला सहा महिन्यांची शिक्षा झाली. खेमावर खटला भरला नाही. बहिणीच्या मायेनं बोलला, असं म्हणून न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. धनीबाईला त्याच संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याच्या जेलमध्ये नेलं.

दुसऱ्या दिवशी खेमानं पांढरा कोट धुतला, वाळवला, घडी केली आणि दौलतरावांच्या ओसरीवर नेऊन ठेवला. दौलतरावांना एवढी अपेक्षा नव्हती. ते आत गेले, एक पेला घेऊन आले.

“बहिनीसाठी खोटं बोलला, चांगलं केलं. मी बी तेच केलं असतं,” ते म्हणाले. “पन इथं कोर्ट नाही. ही मुंबईची. हुंगून पाय आन सांग.”

“मले वास येत नाही, मालक,” खेमा म्हणाला.

“अरे, आपन दोघंच हावो!”

“दोघं असलो तरी नाही येत.”

दौलतरावांनी पेला खाली ठेवला आणि पुन्हा कधी त्याला बोलावणं पाठवलं नाही. बैठका चालू राहिल्या. इन्स्पेक्टरही येत असत, असं बागेतला नवा राखणदार सांगे.

खेमा तांड्यावर जाऊन गोमतीबाईजवळ राहिला. दिवसा मिळेल ते काम करी, येऊन भाकर थापी, म्हातारीला चुरून भरवी. तांड्यात त्याच्याशी कोणी बोलत नसे. म्हातारी पहिल्या दिवशी म्हणाली, “कोन हाय?” तो म्हणाला, “खेमा.” त्यावर तिनं तोंड उघडून घास घेतला, पण त्यानंतर एक शब्द बोलली नाही. भादव्यात तिला ताप भरला. पाचव्या दिवशी ती गेली. लखीरामनं माणसं गोळा केली, चौघांनी खांदा दिला. खेमा पुढं झाला तर त्याला कोणी जागा दिली नाही. तो मागून चालत गेला. जेलमध्ये कळवावं म्हणून त्यानं मास्तरांकडून एक कार्ड लिहून घेतलं. मास्तरांनी विचारलं, खाली कोणाचं नाव टाकू? तेव्हा तो उठला आणि ते कार्ड तसंच खिशात घालून घरी आला.

दिवाळीच्या आधी धनीबाई सुटली. खेमा सकाळपासून वाशीमच्या स्टेशनवर बसून होता. गाडी आली. मागच्या डब्यातून ती उतरली. केस बारीक कापलेले होते, अंगावर जाताना नेसलेलाच घागरा होता, पण तो आता तिला मोठा होत होता. खेमानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. तिनं दिलं.

“घरी कोन हाय म्हातारीजवळ?” तिनं विचारलं.

खेमा गाठोड्याची गाठ उगाच घट्ट करत राहिला.

धनीबाई त्याच्या हातांकडे पाहत होती. “कवा?” ती म्हणाली.

“भादव्यात.”

“उपाशी तं नव्हती?”

“नाही. माह्या हातानं खाये.”

तिनं मान हलवली. मग ती फलाटाच्या टोकाला असलेल्या नळाकडे गेली. ओढणी कमरेला खोचून वाकली आणि तोंडावर पाणी मारू लागली. गाडी सुटली, शेवटचा डबा सिग्नलच्या पलीकडे गेला, उतरलेली माणसं टांग्यांत बसून निघून गेली. नळ चालूच होता. ती पाठमोरी वाकून तोंड धूतच होती.

खेमा गाठोडं छातीशी धरून उभा राहिला. त्यानं तिला हाक मारली नाही.