आगाऊ आभार

दिव्यांग मुलांच्या शाळेत टायपिस्ट म्हणून लागलेल्या ताईंकडे देणग्या मिळवायचं कामही आलं होतं. मुलांना ने-आण करायला गाडी हवी होती आणि रंगाचा कारखाना असलेले शेठ दोन वर्षं "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत होते. शेवटी वैतागून ताईंनी मुलांकडून शेठना गाडीबद्दल आभाराचं पत्रच लिहून घेतलं. खाली बावीस सह्या, त्याही वेड्यावाकड्या.

तिसऱ्या दिवशी फोन खणखणला. "अहो बाई, मी गाडी दिली कधी?"

ताईंचा आवाज अगदी साळसूद. "नाही दिलीत हो. मुलांना जरा घाई झाली."

पलीकडे पत्र पुन्हा उलगडल्याचा आवाज आला. ताईंनी मनातल्या मनात राजीनामासुद्धा टाइप करून टाकला.

"पत्रात पिवळी गाडी म्हटलंय," शेठ गुरगुरले. "पिवळा रंग लगेच मळतो. निळी घ्या."

निळी गाडी आली. शाळेच्या अध्यक्षांनी ताईंना केबिनमध्ये बोलावून असल्या आगाऊपणाबद्दल चांगलंच झापलं, निधी विभागाचं प्रमुखपद दिलं आणि दार लोटून घेत हळूच विचारलं, "वसतिगृहासाठी कोणाचे आभार मानायचे म्हणता?"